आधी आलेख, मग फाइल

एअर फिल्टर बदलून झाला, सायलेन्सर बदलून झाला, स्प्रिंगा बदलून गाडी दोन बोटं खाली आली. आता डायनो ट्यून करायचं की नाही? हौशी गाडीवाल्यांच्या घोळक्यात हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "ट्यून केलं नाहीस तर फिल्टर-सायलेन्सरचे पैसे पाण्यात गेले." दुसरा म्हणतो, "कंपनीच्या इंजिनिअरांपेक्षा तू शहाणा का?" दोघेही गाडी न मोजता बोलतात.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. गाडी डायनोवर जरूर न्या. ट्यून मात्र त्या दिवशी करू नका.

डायनो इंजिनाची ताकद मोजतो आणि ट्यून इंजिनाच्या संगणकातलं गणित बदलतो. ही दोन निरनिराळी कामं आहेत. दुकानदारांनी ती एका पॅकेजात बांधली आणि आपण ती सुटी मागायचं विसरलो. मोजण्याचं काम फार जुनं आहे. 1821 मध्ये गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने फिरत्या दांड्याला लाकडी ठोकळ्यांनी आवळलं, त्या ठोकळ्यांना लांब तरफ जोडली, तरफेच्या टोकाला वजन लावलं आणि यंत्र किती जोर लावतंय ते काढलं. आजच्या डायनोचा पाया तोच. गाडीची इंजिनाशी जोडलेली चाकं रोलरवर चढतात, चाकं रोलर फिरवतात आणि त्या फिरण्याला होणाऱ्या विरोधावरून टॉर्क कळतो. टॉर्कला आरपीएमने गुणून 9549 ने भागलं की किलोवॅट मिळतात. सातवीतल्या मुलाला येईल असं गणित आहे. त्यात गाडीची ताकद वाढवणारं काहीही नाही.

हवेत बोलण्यापेक्षा एका ठरावीक गाडीबद्दल बोलू. चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या व्हर्टस आणि स्लाव्हिया, त्यातलं 1.5 टीएसआय इंजिन, सात गिअरांचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कागदावर 150 पीएस आणि 250 न्यूटन मीटर. पुण्यात रिमॅपची, म्हणजे ट्यूनची, चर्चा निघाली की हमखास या गाड्या पुढे येतात. माझ्या भाच्याकडेही हीच गाडी आहे, आणि "मामा, डायनो ट्यून करू का?" हा प्रश्न त्यानेच मला विचारला. प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तर तपशिलात देतो.

पहिली गोष्ट, फिल्टर आणि सायलेन्सर बदलल्यामुळे या गाडीला ट्यूनची गरज निर्माण होत नाही. आजचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेडल दाबलं की आधी ठरवतो, चालकाला किती टॉर्क हवा आहे. तो आकडा त्याच्या मॅपमध्ये, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यात, लिहिलेला असतो. तेवढ्या टॉर्कला किती हवा लागेल, टर्बोने किती दाब द्यावा, ठिणगी कधी पडावी, पेट्रोल किती शिंपडावं, हा सगळा हिशेब तो मग उलटा करत जातो. मोकळा फिल्टर लावला तर टर्बोला तीच हवा ओढायला थोडे कमी कष्ट पडतात. संपलं. मागणी तीच, म्हणून टॉर्क तोच. सायलेन्सरचंही तसंच. या इंजिनात कॅटलिटिक कन्व्हर्टर टर्बोला जवळजवळ चिकटून बसवलेला आहे. त्याच्या मागचा पाइप बदलला तर आवाज बदलतो. कंपनीचा पाइप दीडशे पीएसच्या धुराला अडवत नव्हताच.

इथे दुकानदार लगेच म्हणेल, "बघा, म्हणूनच ट्यून लागतं! फिल्टरचा फायदा घ्यायचा असेल तर मागणीचा आकडा वाढवायला हवा." ऐकायला बरोबर वाटतं. पण मागणीचा आकडा वाढवून जो पिकअप मिळतो तो मॅपमधून येतो. कंपनीचा फिल्टर आणि कंपनीचा सायलेन्सर ठेवूनही तो जवळपास तेवढाच मिळाला असता. ट्यून करायची इच्छा मनात आधीपासून होती, फिल्टरने तिला निमित्त दिलं. इच्छा असण्यात काहीच वाईट नाही. हौसेला मोल नसतं. फक्त तिला गरजेचे कपडे घालू नका, कारण गरज म्हटली की माणूस प्रश्न विचारायचं थांबवतो.

टर्बो नसलेल्या गाड्यांबद्दल दोन वाक्यांत सांगतो. 2000 च्या सुमाराची होंडा सिटी व्हीटेक अजून जिवापाड जपणारे लोक आहेत आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण त्या इंजिनाला हवा वातावरण देईल तेवढीच मिळते, दाब वाढवायची सोयच नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचावर असल्याने इथली हवा मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ आहे. नुसत्या ट्यूनने मिळेल त्यापेक्षा जास्त घोडे त्या गाडीला बोरघाट उतरून मिळतात.

आता डायनोवर प्रत्यक्ष काय होतं ते पाहू.

भाच्याची गाडी रोलरवर चढवली. पुढच्या टोइंग हुकातून आणि मागून पट्टे टाकून ती जमिनीला बांधली. समोर माणसाच्या छातीइतका मोठा पंखा. तो पूर्ण जोरात फिरला तरी शंभरच्या वेगाला गाडीच्या तोंडावर जो वारा येतो त्याची बरोबरी करत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. पुढची चाकं फिरणार आणि मागची थांबलेली, त्यामुळे गाडीची स्थिरता यंत्रणा गोंधळते, ती आधी बंद करावी लागते. मग गिअर हाताने निवडायचा, चौथा किंवा पाचवा. पेडल खाली दाबायचं, पण तळाशी असलेलं किकडाउनचं बटण दाबलं जाणार नाही इतपतच, नाहीतर रन, म्हणजे ही मोजणी, चालू असताना डीएसजी गिअर खाली टाकतो आणि आलेख फुकट जातो. मग आवाज चढत जातो. काही सेकंदांत सगळं संपतं. स्क्रीनवर दोन रेघा उरतात, एक टॉर्कची आणि एक पॉवरची.

सगळ्यांचे डोळे पॉवरच्या रेघेच्या शिखरावर गेले. चांगल्या ट्यूनरचे डोळे तिथे जात नाहीत. गाडीच्या ओबीडी सॉकेटला जोडलेल्या लॅपटॉपवर तो वेगळ्याच दोन रेघा बघत होता. ईसीयूने मागितलेला बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, आणि टर्बोने प्रत्यक्ष दिलेला बूस्ट. चार हजारांच्या पुढे दुसरी रेघ पहिलीच्या खाली रेंगाळत होती. "सर, कुठेतरी लीक आहे," तो म्हणाला. "टर्बो पळतोय, पण दाब भरत नाही." बॉनेट उघडलं. टर्बोकडून येणाऱ्या एका पाइपची क्लॅम्प ढिली निघाली. फिल्टर बसवताना कुणीतरी तो पाइप हलवला होता आणि क्लॅम्प नीट आवळली नव्हती. स्क्रू ड्रायव्हर घेतला, आवळली, पुन्हा रन घेतला. रेघा एकमेकींवर आल्या.

भाच्याला तेवढ्यावरच पिकअप परत मिळाला. तो गेले काही आठवडे म्हणत होता, की फिल्टर बदलल्यापासून गाडी "थोडी बसल्यासारखी" वाटते, म्हणून ट्यून लागणार. आता विचार करा, त्याने सरळ नव्या मॅपची फाइल टाकून घेतली असती तर? नव्या मॅपने टर्बोकडून आणखी दाब मागितला असता. गळका पाइप तसाच. टर्बो मुळात जादा फिरत होता, तो आणखी जादा फिरला असता, आणखी तापला असता. गाडी पूर्वीपेक्षा बरी पळाली असती आणि मुलगा खूश होऊन घरी आला असता. दोष झाकला गेला असता, बरा झाला नसता. मोजल्याशिवाय ट्यून करणं म्हणजे साखर न तपासता इन्शुलिन टोचून घेणं आहे. मला या गोष्टीचा खरोखर राग येतो, कारण मोजणीचा खर्च रिमॅपच्या खर्चाच्या मानाने किरकोळ असतो आणि तरी तोच वाचवला जातो.

आता त्या शिखराच्या आकड्याबद्दल. डायनोचा कागद फ्रेम करून लावण्याआधी त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. हवेचं तापमान आणि दाब रोज बदलतात, म्हणून आकडा एका प्रमाणित हवेवर आणायची पद्धत आहे. पण ही प्रमाणित हवा एकच नाही. एसएई जे1349 मध्ये 25 अंश आणि 990 मिलिबार धरतात. जर्मन डीआयएन 70020 मध्ये 20 अंश आणि 1013 मिलिबार. त्याच गाडीचा, त्याच मिनिटाचा रन डीआयएनमध्ये दोन-तीन टक्के जास्त दिसतो. रन आधी एसएईने आणि नंतर डीआयएनने छापला की इंजिनाला हातही न लावता चार-पाच घोडे जन्माला येतात. पुण्यात आणखी एक गंमत होते. विरळ हवेची भरपाई टर्बो स्वतःच बरीचशी करून टाकतो. त्यावर डायनोच्या सॉफ्टवेअरने पुन्हा भरपाई दिली की तेच पैसे दोनदा मोजले जातात. टर्बोच्या गाडीचा आकडा डोंगरावर म्हणून फुगतो.

शिवाय रोलर मोजतो ती चाकावरची ताकद. कागदावरचे 150 इंजिनाच्या तोंडाशी असतात. गिअरबॉक्स, शाफ्ट आणि टायर मिळून त्यातले दहा-पंधरा टक्के, कधी त्याहून जास्त, खाऊन टाकतात. तेव्हा रोलरवर 130 च्या आसपास आकडा दिसला तर घाबरू नका आणि कंपनीला शिव्या देऊ नका. दोन डायनोंवरचे आकडे एकमेकांशी ताडूनही पाहू नका. तोच डायनो, तोच दिवस, तोच गिअर, टायरमध्ये तेवढीच हवा, आधीचा रन आणि नंतरचा रन, एवढीच तुलना खरी.

आणि एका रनवर विश्वास ठेवू नका. लागोपाठ तीन मागा. त्या पंख्याचा वारा पुरत नाही, इंटरकूलर तापत जातो, हवा गरम होते आणि प्रत्येक रनमध्ये रेघ थोडी खाली सरकते. दुकानदार सर्वांत वरची रेघ छापून देतो. तुम्ही सर्वांत खालची मागा. एप्रिलमधल्या दुपारी कात्रजच्या चढावर तुम्ही तीच रेघ चालवणार आहात.

खरं तर शिखरापेक्षा रेघेचा आकार बघायला शिका. या इंजिनाचा 250 न्यूटन मीटरचा टॉर्क 1600 पासून 3500 आरपीएमपर्यंत सपाट पसरलेला आहे. 3500 ला तेवढ्यातून सुमारे 125 पीएस निघतात. 150 चं शिखर 5000 ते 6000 ला येतं, आणि 6000 ला पोचेपर्यंत टॉर्क 175 च्या आसपास उतरलेला असतो. तुम्ही रोज कुठे चालवता? सिंहगड रोडवर, हिंजवडीच्या रांगेत, ताम्हिणीच्या वळणांवर सुई 1800 ते 3500 मध्ये असते. तिथे कंपनीने आधीच पठार बांधून दिलंय. शिखर वाढवून आणलंत तर ते ज्या वेगांवर भेटेल तिथे द्रुतगती मार्गावरचा कॅमेरा आधी भेटेल.

म्हणून बाजारातल्या फाइली शिखराच्या जोडीला खालचा टॉर्कही वाढवतात, कारण पिकअप म्हणजे तोच. आणि इथे मला गंभीर इशारा द्यायचा आहे. या गाडीतला डीएसजी म्हणजे डीक्यू200, कोरड्या क्लचचा. त्याची रचनाच 250 न्यूटन मीटरपर्यंतच्या इंजिनांसाठी आहे. इंजिन कंपनीतून निघतानाच 250 देतं. म्हणजे गिअरबॉक्स आधीच काठोकाठ भरलेला. त्याच्यावर तीनशेच्या वरची जाहिरात करणारी फाइल टाकायची म्हणजे नाकापेक्षा मोती जड. क्लच त्या दिवशी जळणार नाही, पुढच्या महिन्यातही नाही. गर्दीत सरकत सरकत चालणाऱ्या शहरात कोरडा क्लच तसाही तापतो. त्याला जे काही जादा आयुष्य राखून ठेवलेलं असेल ते तुम्ही दर सिग्नलला खर्च करत जाल. ओल्या क्लचच्या मोठ्या डीएसजीची गोष्ट निराळी. ऑक्टाव्हिया आरएसवाले या मुद्द्यावर थोडे निश्चिंत राहू शकतात.

दुसरा धोका डायनोच्या आलेखात दिसतच नाही. थेट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जबरदस्त बूस्ट भरला, की कधीकधी ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटतं. पिस्टन वर येत असताना त्याच्या डोक्यावर स्फोट होतो. पिस्टनच्या रिंगांमधल्या बारीक कडा अशाने तुटतात, आणि एकच जोरदार घटना त्याला पुरते. डायनोचा रन सहसा 2000 च्या पुढून सुरू होतो. ही घटना घडते ती पाचव्या गिअरमध्ये 1500 ला गाडी रेंगाळत असताना आणि तुम्ही ट्रक ओलांडायला पेडल जोरात दाबता, पण किकडाउनपर्यंत नेत नाही तेव्हा. ट्यूनर चांगला असेल तर तो कमी आरपीएमचा टॉर्क हात राखून वाढवतो, वरच्या टप्प्यात जास्त देतो. अशी फाइल चालवताना लाथ मारल्यासारखी वाटत नाही, म्हणून गिऱ्हाईक नाराज होतं. मी त्या ट्यूनरच्या बाजूने आहे.

पेट्रोलचं बघा. युरोपातून आलेल्या बऱ्याच फाइली 98 ऑक्टेन गृहीत धरून लिहिलेल्या असतात. आपल्या पंपावरच्या ई20 चं मानक 95 चं आहे. इथेनॉल ठोके आवरायला मदत करतं हे खरं, पण त्यात लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. म्हणून ई20 मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी. तीच ताकद काढायला जास्त इंधन शिंपडावं लागतं, इंजेक्टर जास्त वेळ उघडे राहतात. डिसेंबर 2020 पासून 100 ऑक्टेनचं एक्सपी100 निवडक पंपांवर मिळतं, आणि ट्यूनर सांगतो, "सर, हेच भरा." पुण्यात भराल. गणपतीला गावी निघालात की महाडच्या पुढे मिळेल त्या पंपावर मिळेल ते भरणार. मग इंजिन ठोके देऊ लागतं. नॉक सेन्सर ते ऐकतो, ईसीयू ठिणगी मागे घेतो, आणि विकत घेतलेले घोडे तिथल्या तिथे परत जातात. गाडी चालू राहते, पण तिचा सुरक्षेचा पदर संपलेला असतो. म्हणून डायनोवर जाताना टाकीत महागडं पेट्रोल भरून जाऊ नका. तुम्ही वर्षभर जे भरता तेच असू द्या. मोजणी त्याच्यावर होऊ दे.

रोलरवरचं सत्य आणि रस्त्यावरचं सत्य वेगळं असू शकतं, हे या शहराला निराळं सांगायला नको. एआरएआय टेकडीवर फिरायला जाणाऱ्या प्रत्येकाने त्या संस्थेची भिंत पाहिली आहे. 1966 साली स्थापन झालेली ही संस्था गाड्यांचं ॲव्हरेज आणि धूर रोलरवर मोजते. सप्टेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण उघडकीला आलं. गाडीला कळायचं की आपण चाचणीच्या रोलरवर आहोत, आणि ती तेवढ्यापुरती स्वच्छ व्हायची. जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या. भारतात कंपनीने 3,23,700 गाड्या परत बोलावल्या. अमेरिकेत हे पकडलं ते रस्त्यावर मोजणी करून. आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून धुराची चाचणी प्रत्यक्ष रस्त्यावरही होते. सरकारला जे कळलं ते आपणही समजून घेऊ. डायनोवर सुंदर दिसणारा मॅप रस्त्यावर, अर्ध्या पेडलला, एसी लावून, चार माणसं बसवून कसा वागतो याचे लॉग काढल्याशिवाय ट्यून पूर्ण झालं असं कुणी म्हणू नये.

कायदाही सांगायला हवा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की कंपनीने दिलेल्या वैशिष्ट्यांशी फारकत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम 182अ प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही म्हणतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या संगणकाला बदललेली फाइल ओळखता येते आणि वॉरंटीच्या नोंदीत खूण पडते. विम्याच्या कंपनीला न सांगता बदल केलेत तर अपघातानंतर त्यांच्या हातात कारण द्याल. हे सगळं हौशी लोकांना माहीत असतं आणि ते मान हलवून पुढे जातात. मी तरीही लिहितो, कारण वॉरंटी चालू असलेली गाडी ट्यून करणाऱ्याला गिअरबॉक्सचं बिल स्वतः भरता येईल का, हा प्रश्न घरातल्या कुणीतरी विचारायला हवा.

कॅट, म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टर, काढून टाकणाऱ्यांशी मात्र माझी चर्चा नाही. ट्यूनर "डिकॅट करू, दहा बीएचपी येतील" म्हणाला की किल्ली उचला आणि निघा. तो धूर ज्यांच्या छातीत जाणार आहे ती शाळेच्या रिक्षातली पोरं आहेत. पीयूसीवाल्याला ते कळो न कळो.

आणि ब्रेक. 2022 साली आलेल्या या दोन्ही गाड्यांच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत. चांगले आहेत, दीडशे पीएसला पुरेसे आहेत. त्यात आणखी तीस-चाळीस घोडे घालणाऱ्याने आधी टायर, पॅड आणि ब्रेक ऑइल यांवर पैसे खर्च केलेत का? जुनं ब्रेक ऑइल ओलावा शोषतं आणि घाट उतरताना उकळतं. पेडल मऊ पडतं, पायाखाली काही लागत नाही. भाच्याला मी सांगितलं, ट्यूनचे पैसे टायरमध्ये घाल. त्याने घातले. वरंध घाटात पावसात गाडी कशी वळते हे सांगताना त्याचा चेहरा मी पाहिला आहे, आणि तो आनंद कुठल्याही शिखराच्या आकड्यापेक्षा मोठा होता.

मग डायनो ट्यून कुणी करावंच? ज्यांच्या गाडीत आधीच कुणीतरी ईमेलवरून आलेली फाइल टाकली आहे, त्यांनी लवकरात लवकर. तुमच्या इंजिनात काय चाललंय हे फाइल लिहिणाऱ्याने पाहिलेलं नाही, तुम्हीही पाहिलेलं नाही. ज्यांनी टर्बो किंवा इंजेक्टर बदलला आहे, त्यांनाही पर्याय नाही. हवा आणि इंधन यांचं मूळ गणितच मोडलेलं असतं, ते भार देणाऱ्या डायनोवर नव्याने मांडावं लागतं. नुसत्या जड रोलरचा डायनो इथे अपुरा पडतो, कारण ठरावीक आरपीएमला गाडी रोखून धरून मॅपचा एकेक चौकोन तपासता यायला हवा. आणि ज्यांना खरंच पळवायची आहे, चेन्नईच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर, कोइमतूरच्या करी स्पीडवेवर किंवा पिथमपूरच्या नॅट्रॅक्सच्या 11.3 किलोमीटरच्या वेगवान लंबगोल ट्रॅकवर, त्यांनी करावं, जाणत्या माणसाकडून करावं, आणि तापमानाचा हात राखून करावं. अशा पोरांचं मला कौतुक आहे. ती पहाटे निघून तेवढा रस्ता कापतात आणि जो वेग रस्त्यावर काढायचा नसतो तो योग्य जागी काढतात.

बाकीच्यांनी, म्हणजे फिल्टर-सायलेन्सर-स्प्रिंगवाल्यांनी, एक सकाळ मोजणीला द्यावी. लागोपाठ तीन रन, एसएईमध्ये छापलेले, नेहमीच्या पेट्रोलवर. सोबत लॉग: बूस्ट मागितलेला आणि मिळालेला, प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती अंश मागे गेली, आत येणाऱ्या हवेचं तापमान. सगळं ठीक असेल तर घरी या. काही बिघाड सापडला तर आधी तो दुरुस्त करा. त्यानंतरही महिनाभराने हौस तशीच असली आणि गिअरबॉक्सला जागा असली, तर ट्यूनरकडे जा आणि बसण्याआधी तीन गोष्टी विचारा. माझ्या गाडीची मूळ फाइल वाचून ती मला देणार का? टॉर्क किती आरपीएमपासून आणि किती वाढवणार? रस्त्यावरचे लॉग बघायला मला पुन्हा बोलावणार का? पहिल्याच प्रश्नाला "मूळ फाइल कशाला हवी, सर?" असं उत्तर आलं, तर चहाही न घेता गाडी बाहेर काढा.